गाठ निघाली

रंधा अडखळला तसा सुतार खाली वाकला. त्याने फुंकर मारून छिलके उडवले. फळीच्या अगदी मधोमध, लिंबाएवढी, तांबूस काळी, ती ऐटीत बसली होती.

"काय झालं?" फळीचं दुसरं टोक धरून उभ्या असलेल्या बायकोने विचारलं.

"काही नाही. ते आपलं... हे आहे जरा."

"हे म्हणजे?"

"डाग."

बायकोला हसू आलं. मानेवरची पट्टी ताणली गेली, तशी तिथे हात धरून ती थांबली.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात तिच्या मानेतली गाठ काढून तपासायला पाठवली होती. तेव्हापासून सुताराने तो शब्दच टाकला होता. दोरीलासुद्धा तो गाठ मारत नव्हता, 'बांधून टाकत' होता. आज निकाल कळायचा होता. लेक सकाळपासून दवाखान्यात जाऊन बसली होती आणि इकडे मोबाईल खिळ्यांच्या डब्यावर मुका पडला होता.

फळी घरच्या टेबलाची होती. जन्मभर लोकांची टेबलं करणाऱ्या या माणसाच्या घरात ताटं अजून जमिनीवरच मांडली जात. बायको दवाखान्यातून घरी आली आणि त्याने टेबलाचं एकदम मनावर घेतलं. समोरच्या वखारीतली एकूण एक फळी उलटीपालटी करून त्यातली निर्मळ म्हणून ही आणली. "एक जरी गाठ निघाली तर बदलून देईन," वखारवाला छातीवर हात ठेवून म्हणाला होता.

"परत करतो ही." सुताराने रंधा बाजूला ठेवला. "आपल्या घरात नको."

"बघू तरी." बायकोने फळीवरून ओला फडका फिरवला आणि लाकडाचा रंग उघडला. सरळ चालत आलेल्या रेषा तिथवर येऊन दुभंगल्या होत्या, तिला वळसा घालून पुढे पुन्हा एक झाल्या होत्या. इतकी देखणी फळी सुताराच्या हाताखालून कधी गेली नव्हती. पण ते कबूल करायला त्याची जीभ रेटेना.

"इथून फांदी फुटली असणार ना?" ती म्हणाली. "मग तोंड का पाडलंय एवढं?"

त्याला भीती वाटत होती, आणि ती बोलून दाखवायची त्याहून जास्त भीती वाटत होती. त्याने फळी उचलायला हात घातला, तोच मोबाईल वाजला.

दोघांनीही एकदमच झडप घातली. डबा उलटला, खिळे जमिनीभर झाले. मोबाईल बायकोच्या हाती लागला. तिने ऐकलं. "परत सांग," म्हणाली, आणि तो नवऱ्याच्या कानाला लावला.

"बाबा, साधी गाठ निघाली! साधी! डॉक्टर म्हणाले, आता विसरून जा."

सुतार मटकन खाली बसला तो नेमका खिळ्यांवर, आणि बसला त्याहून वेगाने उठला. धावत दाराशी गेला.

"गाठ निघाली!" तो रस्त्यावर ओरडला. "अहो, ऐकलंत का? गाठ निघाली, गाठ!" आठवडाभर गिळलेला शब्द त्याला किती वेळा उच्चारू असं झालं होतं.

समोरच्या वखारीतून वखारवाला धडपडत बाहेर आला. "अहो, गल्ली कशाला गोळा करताय? शब्द दिलाय ना मी? आत्ता बदलून देतो फळी!"

"बदलून?" सुताराने दोन्ही हात पसरून दार अडवलं. डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं होतं, त्याची त्याला शुद्ध नव्हती. "हात तर लावून बघा!"

वखारवाला आ वासून बघत राहिला. आतून बायकोच्या हसण्याचा आवाज येत होता. पट्टी ताणत होती, पण ती थांबत नव्हती.