रेघा ओलांडून

मशिदीशेजारच्या बागेत विटांच्या घोटाभर उंच रेघांनी आखलेली एक चक्रवाट होती. वाट एकच, तिला फाटे नाहीत, त्यामुळे चुकायची सोय नव्हती आणि दुसऱ्याला दोष द्यायचीही. माळी सगळ्यांना सांगायचा, "राग घेऊन आत जा, मध्यावर थांबा आणि गेल्या वाटेनंच बाहेर या."

शिंपीण आणि तिची थोरली बहीण आपा, अम्मीला कुणी सांभाळायचं यावरून भांडतच आत शिरल्या. मध्यावर पोचल्या तरी आपाचा पारा उतरेना. "तू जन्मभर अंगच चोरणार!" असं ओरडून ती रेघांवरून ढांगा टाकत सरळ बाहेर पडली. शिंपीण मात्र हट्टानं सगळी वळणं घेत परतली.

आपा बाकावर हसत बसली होती. "तुझंच खरं गं. अम्मी यापुढे माझ्याकडेच राहील."

शिंपिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "टोमणे नकोत, आपा! भांडायचं तर नीट भांड."

"भांडू कशाला? चल, अम्मीला घेऊन येऊ."

तेवढ्यात मागे चक्रवाटेच्या फरशीवर चपला फटफटल्या. कुणीतरी तणतणत वळणं घेत होतं. शिंपिणीनं मागे पाहिलं. भर उन्हात सगळी वाट उघडी दिसत होती, आणि तिथे चिटपाखरूही नव्हतं.

आपानं तिचा हात धरला.

चपला थांबल्या. त्या रिकाम्या वाटेवरून आपाचाच संतापलेला आवाज आला, "अगं ए मूर्खे, तिला अम्मीजवळ नेऊ नकोस!"