चाऱ्याची टोपली

"चारा दे, रुख्मा. दूध नको."

भोजराजने रिकामी टोपली चाऱ्याच्या खड्ड्याच्या काठावर ठेवली. रुख्माबाईच्या हातात दुधाचा गडवा तसाच राहिला. धार नुकतीच काढलेली होती. तिच्या शेजारी ग्रामसेविका साधना उभी होती.

राजेगावात उन्हाळ्यासाठी हिरवा चारा मुरवून ठेवायला, मुरघास करायला, साधनानेच शिकवले होते. हिरवा मका बारीक कापायचा, खड्ड्यात भरायचा, पाय धुऊन तुडवायचा. आत हवा राहिली की चारा सडतो. शेवटी वरून माती थापायची. बौद्धांच्या वस्तीत रुख्माबाई आणि तिच्या दोन्ही लेकींनी तसा खड्डा भरला. गावाचा मोठा खड्डाही त्यांच्याकडूनच तुडवून घ्या, असे साधनाने सुचवले, तेव्हा भोजराज हसला होता.

"पायच पाहिजेत तर आमच्या बैलायले चार-चार आहेत, बाई!"

बैल मधोमध फिरले. कडा पोकळ राहिल्या, आत शेण पडले. होळीनंतर गावाचा खड्डा उघडला तेव्हा चारा काळा पडला होता.

आता वैशाख होता. गावातल्या गाई सुक्या तणसावर उभ्या होत्या. भोजराजची गाय आटत आली होती. सून बाळंतपणातच गेली होती, आणि तान्हा नातू भाताच्या पेजेवर होता. ती पेजही त्याच्या पोटात ठरत नव्हती.

"चारा अंगी लागून पान्हा वाढायला आठवडा तरी जाईल," साधना म्हणाली. "बाळाला दूध आज हवंय, भोजराजजी."

भोजराज गडव्याकडे पाहत नव्हता.

रुख्माबाईने गडवा खाली ठेवला. टोपली चाऱ्याने दाबून भरली. आंबूस वास सुटला.

"ह्या चाऱ्यात आमचेच पाय पडले न जी?"

"जनावराले जात नसते."

"अन् लेकराले?"

भोजराजने टोपली डोक्यावर घेतली आणि तो गेला. रोज येऊन तो टोपलीभर चारा नेत राहिला. मग एक दिवस आला नाही.

साधनाचे म्हणणे खरे ठरले. आठवडा सरला आणि गाईने पान्हा सोडला. गडवा काठोकाठ भरला. तो घेऊन भोजराज नाल्याकाठी गेला आणि नुकत्याच थापलेल्या हातभर मातीवर त्याने ते दूध ओतले.