नट आवळायच्या आधी

सकाळपासून मिस्त्री जुन्या जीपखाली आडवा होता आणि त्याची कंबर बोंबलत होती. चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या स्प्रिंगच्या पाट्यांचे शॅकल नवे, बुश नवे. आता जॅक काढला होता; गाडीचं वजन चाकांवर आलं होतं, फक्त नट आवळायचे आणि घरी जाऊन पडायचं.

पाना लावला तोच करकर झाली आणि पाटे दबले.

"ताई, चढू नका हो! मी मरतोय इथे खाली."

"मी कुठे चढले?" मालकीणबाई रस्त्यापलीकडून ओरडल्या. "मी चहा पितेय!"

पुन्हा करकर. मग पुन्हा. एकेक जण चढून बसावा तसे पाटे दबत गेले. चासी शर्टाच्या बटणांना टेकली, मिस्त्रीला सरकताही येईना.

मग आतून पत्र्यावर दोन थापा पडल्या, गाडी भरली की ड्रायव्हरला 'चल' म्हणून मारतात तशा.