दोनशे चाळीस प्रती

दोनशे अडतीस, दोनशे एकोणचाळीस. ऑर्सन टटलने छापयंत्राचा दांडा पुन्हा ओढला. यंत्रात कागद नव्हता. कागद फक्त पहिल्या वेळी घातला होता. एक प्रत निघाली, ती खिडकीशी वाळत होती. बाकीचे सगळे हिसके भिंतीपलीकडे असलेल्या त्याच्या बायकोसाठी, ल्यूसिंडासाठी होते.

तीन वर्षांपूर्वी तापात तिचे डोळे गेले. त्याआधी छपाईच्या अक्षरखिळ्यांवर शाईचा रूळ तीच फिरवायची. दांड्याच्या कुरकुरीवरून प्रती मोजायची सवय तेव्हाची. अजूनही दर शनिवारी ती स्वयंपाकघरातून विचारायची, किती झाल्या. तो सांगायचा, दोनशे चाळीस.

गेल्या वर्षापर्यंत गावात त्यांच्या साप्ताहिकाचे वर्गणीदार खरोखरच तेवढे होते. मग रेल्वे बारा मैल दक्षिणेकडून गेली. लोकांनी घरं ओंडक्यांवर चढवली, बैल जुंपले आणि अख्खं गाव रुळांकडे ओढत नेलं. हा कसला गलका, म्हणून ल्यूसिंडाने विचारलं, तेव्हा ऑर्सनच्या तोंडून निघून गेलं, "नवी घरं बांधतायत." तिथून बिचारा अडकला.

तिला ओहायोहून डकोटाच्या या माळावर त्यानेच आणलं होतं, इथे गाव होणार या वचनावर. पहिला अंक त्यांनी झाडाखाली छापला, तेव्हा इथे दोन तंबू आणि एक विहीर होती. अंकात मात्र बाजारपेठ होती, शाळा होती. रूळ फिरवता फिरवता ल्यूसिंडा पोट धरून हसली होती. आणि दोन वर्षांत ते सगळं खरंच उभं राहिलं. डोळे गेले तेव्हा ती म्हणाली होती, भोवती गाव आहे ना, मग मला काय कमी. ते गावच गेलं हे सांगायचा धीर ऑर्सनला काही केल्या होईना.

म्हणून तो एकटाच गाव चालवू लागला. लोहार टाकून गेलेल्या ऐरणीवर रोज सकाळी चार घाव घालायचा. उरलेली शांतता माळावरचा वारा झाकायचा. भेटायला कोणीच का येत नाही, असं ल्यूसिंडाने विचारल्यावर त्याने अंकात गोवराची साथ आणली. जुनी नावं पुरेनात, तेव्हा नीगार्ड नावाचं एक कुटुंबच मनाने रचून गावात वसवलं. बाई बडबडी, जुळ्या मुली, लंगडी गाय.

बुधवारी टपालाचा गाडीवान बार्नी फाटकाशी थांबला होता.

"हात वर जात नाही तुझा," तो म्हणाला. "सांगून टाक तिला, आणि चढा दोघं गाडीत."

"तिचं गाव आहे रे ते," ऑर्सन म्हणाला. "मी कसं काढून घेऊ?"

बार्नीने मान हलवली आणि घोडे हाकले.

दोनशे चाळीस. ऑर्सन प्रत घेऊन आत गेला. ल्यूसिंडाने कॉफी ओतून ठेवली होती. लोहाराच्या मुलीचं लग्न ठरलं, नीगार्डांच्या जुळ्यांचा गोवर उतरला, असं तो वाचत गेला. ती मधेमधे हसत होती. या खोट्याची त्याला लाज वाटायची, पण ती हसली की वाटायचं, जाऊ दे, अजून एक अंक.

वाचून झालं. तिने चाचपत त्याच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला.

"एक बातमी राहिली तुझी. काल तू विहिरीवर होतास ना, तेव्हा नीगार्डबाई येऊन गेल्या."

ऑर्सनने कप खाली ठेवला.

"बराच वेळ बसल्या. तू लिहितोस तशाच आहेत, तोंडाला खळ नाही. जाताना सांगून गेल्या, गावात सगळ्यांचं ठरलंय म्हणे, एकच प्रत फिरवून वाचायची. तेव्हा पुढच्या शनिवारी दांडा एकदाच ओढ."