फाटकाचा पट्टा

व्हॅननं लाख किलोमीटर ओलांडले, टायमिंग बेल्ट बदलायला हवा, असं नवरा म्हणाला तेव्हा सारजाबाईनंच धाकट्या भावाचं गॅरेज सुचवलं. मोबदल्यात बाटलीनं दूध पाजून वाढवलेली मेंढीही तिनंच दिली. गॅरेजच्या रिवाजाप्रमाणं भावानं काढलेला जुना बेल्ट तिच्या हातात ठेवला; त्याच पट्ट्यानं तिनं मेंढवाड्याचं फाटक बांधलं. आज रिहे गावाजवळच्या चढावर बेल्ट तुटला, इंजिनच बसलं. झिजलेला तुकडा नवऱ्यानं तिच्यापुढं टाकला. “जुनाच हाय. तुझ्या भावानं बदललाच न्हाई.” “माझ्या भावावर आळ घेऊ नगा,” म्हणत तिनं फाटकाचा पट्टा सोडून दोन्ही शेजारीशेजारी ठेवले. रुंदीसुद्धा जुळेना. तिनं फोन लावला. भावानं स्पीकरवर घेतला. “अक्का, गाडी झ्याक पळतिया न्हवं?” “आमचा म्हणून दिलास, त्यो पट्टा कुणाच्या गाडीचा रं?” तिचा आवाज ओळखून पलीकडून त्या मेंढीनंच ओ दिली.