दोन सीटांची गाडी

सिद्धलिंगच्या जुन्या स्पोर्ट्‌स कारला सीटा दोनच. आधीच्या मालकानं तिला मागाहून एसी बसवून घेतला होता. गाडी मूळ रूपात आणायची म्हणून सिद्धलिंगनं ऐन वैशाखात तो काढायला घेतला.

“अहो, नका की काढू,” दानेश्वरी म्हणाली. भरल्या घरात नवराबायकोला निवांत बोलायला मिळायचं ते रविवारी, याच गाडीत, अक्कलकोट रोडला.

कॉम्प्रेसर निघाला.

“काचा खाली करू. वारं लागतंय की.”

“सोलापुरात वारं? झळा म्हणा.”

पाइप निघाले.

“उकाड्याला एवढं भ्यायचं?” तो हसला.

रविवारी त्यानं हॉर्न वाजवला. दार उघडून शेजारी येऊन बसली ती त्याची आई, सावित्रम्मा.

“एसीनं माझे गुडघे धरायचे, म्हणून आजवर बसले न्हाई बघ, सिद्धू. आता दर रविवारी येते.”

दानेश्वरी त्याच्या बाजूच्या खिडकीशी वाकली आणि हळूच म्हणाली,



“मी काय उकाड्यासाठी सांगत होते व्हय?”