नेकची तक्रार

बाबांनी बनवून दिलेली इलेक्ट्रिक गिटार घेऊन तो दर आठवड्याला वर्कशॉपमध्ये यायचा. कधी तिचा नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, जाड वाटायचा, कधी तळहाताला चिकटायचा. बाबा एक डोळा मिटून नेक न्याहाळायचे आणि हलका पॉलिश पेपर मारून द्यायचे. तोवर तो माझ्या टेबलाशी बसून राहायचा.

आज बाबा म्हणाले, "चांगला नेक हाताला बेतावा लागतो. डावा हात दाखव बघू."

त्यांनी त्याच्या बोटांची टोकं चाचपली. तारा दाबून दाबून वाजवणाऱ्यांना तिथे घट्टे पडतात. याची बोटं लोण्यासारखी मऊ.



"अजून घासला तर नेकची काडी होईल," बाबा माझ्याकडे बघत उठले. "मी चहा टाकतो. तोवर काय ते हिलाच विचारून टाक."